तेल वाढत होतं

आमचे घरमालक कधी दार वाजवत नसत. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून टपालपेटीत टाकायचे, मग ती पेटी आमच्या दारापासून चार पायऱ्यांवर का असेना. त्यामुळे जानेवारीतल्या त्या बुधवारी सकाळी त्यांनी लागोपाठ दोनदा दार ठोठावलं, तेव्हा मी ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून उठले.

"माफ करा हं, तुमच्या कामाच्या वेळेत आलो," ते म्हणाले. टोपी हातात, मिशांवर बर्फ. "आल्झो, म्हणजे... श्लिटनचा लाल दिवा लागलाय. तेलाचा."

श्लिटन म्हणजे स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, अशी बर्फावरची मोटारसायकल. हॅनोव्हरहून दीड-दोन तासांवर, हार्त्सच्या डोंगरात आमचं गाव आहे. गावकऱ्यांनी हौसेनं चालवलेलं एक स्की मंडळ आहे, त्या मंडळाची ही एकुलती एक गाडी. बर्फ पडला की घरमालक पहाटे सहाला ती घेऊन वर जायचे आणि मागे एक जड चौकट ओढत जंगलातून स्कीवाल्यांसाठी वाट पाडून यायचे. अठरा किलोमीटरचा फेरा, एकट्यानं, एकाहत्तराव्या वर्षी. वर फोनला रेंज नाही. किड्यानं खाल्लेली स्प्रूसची उंच झाडं डोंगरभर वाळून उभी आहेत आणि वारा नसतानाही एखादं कोसळतं. मी उन्हाळ्यात एकदा तिथे गेले होते, तासाभरात एक पक्षी ओरडला नाही. परत जायची इच्छा झाली नाही.

त्या जंगलात मध्येच इंजिन बंद पडलं तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागणार नव्हता. म्हणून तो दिवा खरं बोलतोय की खोटं, एवढंच मला सांगायचं होतं. माझी नोकरी पंप आणि इंजिनं तपासण्याची, आठवड्यातले तीन दिवस घरून. घरमालकांच्या लेखी मी जवळपास डॉक्टर होते.

खाली शेडमध्ये बाबा आधीच पोचले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. जळगावच्या बस डेपोत त्यांनी चाळीस वर्षं काढली, शेवटची बारा हेड मेकॅनिक म्हणून. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं. नोव्हेंबरात आम्ही त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. नवरा सोमवार ते गुरुवार बर्लिनला, मी लॅपटॉपसमोर, आणि बाबा खिडकीत. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. मला धास्ती वाटायची की हा माणूस माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत विझून जाणार.

मग एके दिवशी त्यांना शेडमधली गाडी दिसली. ते खाली गेले, फडकं मागून घेतलं आणि दुपारपर्यंत ती पुसत बसले. घरमालकांनी ते पाहिलं आणि शेडच्या जादा किल्लीबरोबर गाडीची जादा किल्लीही त्यांच्या हातात ठेवली. "त्यांना सांगा, आता हिची काळजी त्यांनी घ्यायची," मला म्हणाले. मी सांगितलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, सकाळचा नमस्कार म्हणून "मोर्गन" तेवढं सोडून. तरी दोघं तासन्‌तास त्या इंजिनाभोवती हातवारे करत उभे राहायचे. बाबा जेवायला लागले. डिसेंबरात तर एकदा माझ्या आमटीला नावं ठेवली, आणि मला चक्क आनंद झाला.

दिवा लागला ती गोष्ट अशी घडली होती. वर जाताना काही नाही, परतीच्या वाटेवर इंजिन चांगलं तापल्यावर, गाडी हळू केली की लुकलुकायचा. रेस दिली की जायचा. शेडपर्यंत येईतो लागूनच राहिला.

मी आधी डिपस्टिक काढली, तेलाची पातळी दाखवणारी सळई. तेल वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर. घरमालकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तेल तर भरपूर आहे! म्हणजे सेन्सर बिघडलाय, ना?"

"सेन्सरच असणार," बाबाही मराठीत म्हणाले, न विचारता.

मलाही तेच हवं होतं. पण माझा स्वभाव वाईट आहे, काट्यानं सांगितल्याशिवाय मी देवावरही विश्वास ठेवत नाही. सेन्सर काढून त्या जागी मी तेलाचा दाब मोजणारा काट्याचा गेज बसवला आणि इंजिन सुरू केलं. काटा झटकन वर गेला आणि तिथेच ठाम राहिला. घरमालक हसले. मी म्हटलं, थांबा, अजून गार आहे.

वीस मिनिटं आम्ही तिघं दार उघडं टाकून त्या धुरात उभे राहिलो. बाहेर उणे नऊ. इंजिन तापत गेलं तसा काटा खाली यायला लागला. घाई नाही, धक्का नाही, नुसता सावकाश खाली. मी रेस सोडायला सांगितलं आणि काटा जवळपास शून्यावर जाऊन बसला. दिवा खरं बोलत होता.

इंजिन बंद करून मी डिपस्टिक पुन्हा ओढली आणि नाकाशी नेली. पेट्रोलचा वास. कागदी रुमालावर एक थेंब टाकला तर मध्ये काळा ठिपका राहिला आणि भोवती एक फिकट, ओलं वर्तुळ पसरत गेलं. चांगलं तेल असं पसरत नाही. वरणात पाणी ओतून ते वाढवावं तसं झालं होतं: पातेलं काठोकाठ, आणि आत जोर नाही. गार असताना ते जेमतेम घट्ट राहायचं, तापलं की पाण्यासारखं. अशा तेलावर इंजिनातली बेअरिंगं एकमेकांना घासत जातात आणि एक दिवस जागच्या जागी आवळली जातात.

पेट्रोल तेलात आलं कुठून, हा प्रश्न मला पडायलाच नको होता. रोज सकाळी दहा वाजता मी ते माझ्या टेबलाशी बसून ऐकत होते. दहाच्या सुमारास घरमालक आपल्या बहिणीला भेटायला वृद्धाश्रमात जायचे, आणि बाबा खाली जाऊन गाडी सुरू करायचे. पाच मिनिटं. मग बंद करून, पुसून, वर. "गाडी उभी राहिली की मरते," असं ते म्हणायचे. डेपोत थंडीच्या दिवसांत प्रत्येक उभी बस ते असंच करायचे, घरची स्कूटरही. जळगावात आणि डिझेलच्या बसला ते चालून गेलं. इथल्या गारठ्यात पेट्रोलचं इंजिन सुरू होताना जास्तीचं पेट्रोल ओढतं, त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. थोडंसं असेल तर इंजिन तासभर पळाल्यावर ते उडून जातं. पाच मिनिटांत ते तापतही नाही. रोज थोडं थोडं, दीड महिना, आणि मध्ये बर्फातल्या फेऱ्या मोजक्याच.

बाबा माझ्यासमोर उभे होते, खांद्यावर फडकं, हात काळे. "काय निघालं गं?"

एखाद्या मीटिंगमध्ये माझ्या साहेबानं अशी चूक केली असती तर मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं असतं, आणि तशी माझी ख्यातीही आहे. पण परक्या माणसासमोर सासऱ्याला "तुमचं चुकलं" म्हणणं माझ्या जिभेवर येईना. चाळीस वर्षांचा हेड मेकॅनिक, आणि सुनेनं त्याला सांगायचं की गाडी तुम्हीच मारताय? दीड महिन्यात जो माणूस कसाबसा उठून बसला होता, त्याला?

"तेल जुनं झालंय, बाबा," मी म्हणाले. मग वळून घरमालकांना जर्मनमध्ये तेच सांगितलं. "तेल जुनं आहे. बदलते."

"गेनाऊ," घरमालक म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "बाकी काही नाही ना?"

"बाकी काही नाही."

तेल आणि फिल्टर त्याच दिवशी दुपारी बदलले. जुना फिल्टर मी एकटी असताना कापून पाहिला. घड्यांमध्ये चमकी होती, बेअरिंगच्या धातूची, पुष्कळ नाही. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि घरमालकांना म्हटलं, सीझन संपला की एकदा इंजिन उघडून बघू. नव्या तेलावर काटा गरम इंजिनातही ठाम राहिला. घरमालकांनी आलुबुखाराच्या जॅमची बाटली आणून दिली. बाबांनी जळगावला फोन लावून कुणाकुणाला सांगितलं की आमच्या सूनबाईनं इंजिन बरं केलं. मी स्वयंपाकघरात ते ऐकत होते आणि मला लाज वाटत होती.

रात्री जेवताना सांगायचं, असं ठरवलं होतं. पण त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सासूबाईंचं नाव घेऊन एक आठवण सांगितली, गेल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी धीर करून बोललेही, पण काय बोलले?

"बाबा, रोज गाडी सुरू करायला खाली नका हो जाऊ. फार थंडी आहे. सर्दी होईल तुम्हाला."

"मला काय धाड भरलीय?" ते हसले. "गाडीला थंडी बाधेल, मला नाही."

आणि पुढचे तीन आठवडे थंडी आणखी वाढली. नवा बर्फ नाही, नुसता गारठा. गाडी शेडमध्येच उभी. गारठा वाढला म्हणून बाबा आता ती दोनदा सुरू करायला लागले, दहाला आणि चारला. खालून इंजिनाचा आवाज आला की माझे हात कीबोर्डवर थांबायचे. मी मनात मिनिटं मोजायची. पाच झाली की बंद. एकदा मला वाटलं, आत्ता खाली जावं आणि सरळ सांगावं. त्याऐवजी मी हेडफोन लावले.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी बाबा फिरायला गेलेले पाहून मी शेडमध्ये गेले आणि डिपस्टिक काढली. तेल पुन्हा खुणेच्या वर चढलं होतं. वास घेतला नाही, गरजच नव्हती. पुसून होती तशी आत घातली. मग वर येऊन नवं तेल मागवलं, शनिवारी येणार होतं. माझा बेत असा होता की शनिवारी दुपारी गुपचूप तेल बदलायचं, कुणाला कळायचं नाही, आणि पंधरा दिवसांनी बाबांचा व्हिसा संपला की हा प्रकार आपोआप थांबेल. कुणाचंच मन दुखवायला नको. मला त्या बेताचं थोडं कौतुकही वाटलं होतं, हे लिहायला आज हात धजावत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बर्फ पडला.

शनिवारी सहाला शेडचं दार सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी जागीच होते. इंजिन सुरू झालं. पायात चपला सरकवून खाली पळायला अर्धा मिनिट लागलं असतं. मी पांघरुणात पडून हिशोब केला की गेल्या वेळी एवढ्या तेलात गाडी परत आली होती, एक फेरी निघेल. नवरा शेजारी झोपला होता, त्यालाही मी काही बोलले नव्हते. आवाज चढणीला लागला, लांब गेला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

घरमालक एरवी साडेआठला परतायचे. नऊ वाजले. बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते.

"आले नाहीत अजून," ते म्हणाले.

"बर्फ जास्त आहे आज. वेळ लागेल."

सव्वानऊला दार वाजलं आणि मी धावत गेले. पार्सलवाला होता, तेलाचा डबा घेऊन. त्याच्या यंत्रावर बोटानं सही केली. डबा तिथेच पायऱ्यांवर ठेवला आणि ११२ फिरवला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, अपघात तुम्ही पाहिला का? मी म्हटलं, नाही, इंजिन बंद पडलंय. "तुम्हाला कसं माहीत?" "मला माहीत आहे," मी म्हटलं. बाबा माझ्याकडे बघत होते. जर्मन त्यांना कळत नव्हतं, पण माझा आवाज कळत होता.

अकरानंतर घरमालक सापडले. गाडी नवव्या किलोमीटरवर, घरापासून सगळ्यात लांबच्या जागी, आवळून बसली होती. त्याआधी दिवा लागला होता. त्यांनी शिस्तीत गाडी थांबवली, डिपस्टिक पाहिली, तेल भरपूर. तेल तर नवंच, मीच बदललेलं, म्हणजे या वेळी नक्की सेन्सर. इंजिन गार होईपर्यंत ते थांबले, दिवा गेला, ते पुढे निघाले. भरलेली डिपस्टिक हीच धोक्याची खूण आहे, हे त्यांना ठाऊक असतं तर ते तिथूनच, सपाट रस्ता जवळ असताना, चालत परतले असते. पुढे इंजिन गेलं ते ऐन झाडांच्या पडझडीत. बर्फाखालच्या ओंडक्यांमध्ये पाय गेला आणि घोट्याचं हाड मोडलं. फोन लावून पाहायला त्यांनी उजवा हातमोजा काढला तो घरंगळून खाली गेला. उणे तेरामध्ये तीन तास. जीव वाचला. पुढे उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सोमवारी मंडळाच्या लोकांनी गाडी ओढून आणून शेडमध्ये लावली. ते गेल्यावर बाबा खाली उतरले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. त्यांनी डिपस्टिक काढली, दोन बोटांत तेल चोळलं, नाकाशी नेलं. मग डिपस्टिक पुसून पुन्हा आत घातली. वर आले तेव्हा हात न धुताच म्हणाले, "मला त्यांच्याकडे घेऊन चल."

दवाखान्यात घरमालक उशीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. बाबांना पाहून त्यांनी डावा हात वर केला, "मोर्गन" म्हणाले. बाबांनी खुर्ची घेतली नाही.

"सांग त्यांना," ते मला म्हणाले, "गाडी मी मारली. रोज सुरू करत होतो, पाच-पाच मिनिटं. पेट्रोल तेलात उतरलं. चूक माझी आहे. सगळं सांग, काही गाळू नकोस."

मी सांगितलं. काही गाळलं नाही. घरमालकांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना राग आलेला दिसला नाही, उलट बाबांचाच चेहरा पाहून ते कळवळले असावेत. माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे असला हिवाळाच नसतो. त्यांना कसं कळणार? कुणी सांगितलंच नाही त्यांना."

मला सगळं आधीच कळलं होतं, याची त्यांना कल्पनाही नव्हती, ते फक्त भल्या मनानं बोलत होते. तीन महिने मी या दोघांच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होते आणि मध्ये काय राहून जातं हे माझ्याशिवाय कुणाला कळायला मार्ग नव्हता. "तुमचा दोष नाही म्हणतायत," एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी सगळं वाक्य सांगितलं. "कुणी सांगितलंच नाही त्यांना," तेही सांगितलं. मग माझं मी पुढे बोलले, "मला कळलं होतं, बाबा. पहिल्याच दिवशी, त्या बुधवारी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." आणि वळून तेच घरमालकांना, त्यांच्या भाषेत.

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. जर्मनीत आल्यापासून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण अशी काढून घेतलेली नजर मी सोसलेली नव्हती.

"चाळीस वर्षं डेपोत काढली मी," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चुका काय कमी केल्या? साहेब सगळ्यांसमोर झाडायचे आणि आम्ही खाली मान घालून गाडी नीट करायचो. पण मला एवढं कमी कुणी लेखलं नव्हतं, बेटा."

मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ करून पलंगाला लागून बसले आणि त्या माणसाचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ मी त्यांच्या मागे उभी होते, कुणीतरी मला काही सांगायला सांगेल म्हणून.